बेलापूरचे राहून गेलेले भविष्य

नवी मुंबई पहिल्यांदा उमटली ती एका कलाविषयक नियतकालिकाच्या पानांवर. जून १९६५ मध्ये मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखालच्या 'मार्ग'ने आपला अंक मुंबईच्या भवितव्यासाठी दिला आणि त्यात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी आपली योजना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबतच ठेवण्याऐवजी बंदर ओलांडून पूर्वेला न्यावी, खाडीपलीकडे तोलामोलाचे दुसरे शहर वसवावे आणि सरकारी कचेऱ्या तिकडे हलवून त्यात जीव ओतावा, असे त्यांचे म्हणणे होते. तिघेही ऐन उमेदीत होते. शिरीष पटेलांनी आखलेला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल त्याच वर्षी खुला झाला होता. देशातला तसला पहिलाच पूल, त्यामुळे भविष्य काँक्रीटमध्ये ओतता येते यावर त्या पिढीचा विश्वास बसणे साहजिक होते. इतक्या मोठ्या शहराचा प्रस्ताव आधी कलारसिकांच्या हाती पडावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हे शहर जमिनीवर उतरण्यापूर्वी चित्र होते.

पुढचा इतिहास ठाऊक असला तरी थोडक्यात सांगायला हवा. हे शहर वसवण्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. सुरुवातीची काही वर्षे कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते आणि पटेलांकडे नियोजन व बांधकामाची सूत्रे होती. ३४४ चौरस किलोमीटर जमीन, त्यात ९५ गावे, आणि वीस लाख लोकांना सामावेल असे अनेक केंद्रांचे शहर, असा तो आराखडा. ज्या गोष्टीवर सारी भिस्त होती ती मात्र झाली नाही. मंत्रालय जागचे हलले नाही, उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून मनोरे उठत राहिले. खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७३ मध्ये आला, पण लोकल वाशीला पोहोचायला १९९२ उजाडले आणि बेलापूरला पुढचे वर्ष. या नव्या शहराचे राजधानीच्या तोडीचे केंद्र व्हायचे ते बेलापूर सिडको भवन, कोकण भवन, रिझर्व्ह बँकेची इमारत आणि भोवतालचे सेक्टर अशा रूपात हळूहळू भरत गेले.

हे सारे आठवायचे कारण डिजिटल चित्रकलेतली एक शैली. जुन्या काळाने पाहिलेले भविष्य जणू खरेच अवतरले आहे असे मानून रंगवलेली शहरे गेली काही वर्षे पडद्यावर सर्वत्र दिसतात. तिला रेट्रो-फ्युचरिस्टिक म्हणतात. गोलसर कोपऱ्यांच्या इमारती, मनोऱ्यांना जोडणारे हवाई रस्ते, बटणांनी भरलेली यंत्रे, किरमिजी संध्याकाळ. आपल्याकडची तरुण मुले ही चित्रे मोठ्या हौसेने करतात आणि त्यांचा हात चांगला असतो. पण त्यातले शहर बहुधा लॉस एंजेलिस किंवा टोकियो असते. चित्राच्या खाली 'मुंबई २०८०' असे लिहिलेले असते, एवढाच फरक. बेलापूरसारख्या गावात राहून असे करावे लागावे याचे मला वाईट वाटते. इथले राहून गेलेले भविष्य कागदावर आहे, फिल्मवर आहे आणि निम्मेअर्धे जमिनीवरही उभे आहे.

या शैलीची जगातली वंशावळ पाहिली तर तिच्यात दोन घराणी दिसतात. पहिले घराणे त्या-त्या काळात गंभीरपणे पुढे पाहणाऱ्यांचे. इटलीत अंतोनियो सांतेलिया याने १९१४ च्या सुमारास 'नवे नगर' रेखाटले, पायऱ्यापायऱ्यांच्या इमारती आणि बाहेर काढलेल्या लिफ्ट. दोनच वर्षांनी तो महायुद्धात मारला गेला. अमेरिकेत ह्यू फेरिस याने १९२९ च्या आपल्या पुस्तकात कोळशाच्या धूसर छटांनी उद्याचे महानगर उभे केले. केन्झो टांगे यांनी १९६० मध्ये टोकियोच्या उपसागरावर शहर पसरवण्याचा आराखडा मांडला. 'मार्ग'मधली योजना त्यानंतर पाचच वर्षांनी आली. पाण्याने अडलेल्या महानगराला वाट काढून द्यायची हा प्रश्न दोन्हीकडे होता. ही सगळी माणसे आपल्याला आज रेट्रो वाटतात, पण त्यांना स्वतःला तसे वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरे घराणे मागे वळून पाहणाऱ्यांचे. १९८२ च्या 'ब्लेड रनर'साठी सिड मीड यांनी जे लॉस एंजेलिस घडवले त्यात नव्या इमारतींपेक्षा जुन्या इमारतींवर लटकवलेले पाइप, वायरी आणि फलक जास्त बोलतात. त्या चित्रपटाचे भविष्य नोव्हेंबर २०१९ मध्ये घडते, म्हणजे तेही आता भूतकाळात गेले. विल्यम गिब्सन यांची १९८१ ची 'द गर्न्सबॅक कंटिन्युअम' ही कथा या शैलीच्या प्रत्येक चित्रकाराने वाचावी अशी आहे. अमेरिकेतल्या १९३० च्या दशकातल्या भविष्यवादी इमारतींची छायाचित्रे काढता काढता नायकाला ते न घडलेले भविष्य डोळ्यांपुढे दिसू लागते, आणि त्यातली गोरी, नितळ, सुखी माणसे पाहून तो हादरतो. जुने भविष्य सुंदर असते, पण त्यात कोणाला जागा होती हा प्रश्न सुटत नाही. बेलापूरकडे येताना हा प्रश्न सोबत ठेवायला हवा.

मराठीत या चित्रकलेला आधार नाही असे कोणी म्हटले तर ते मला मान्य नाही. आधार आहे, तो विखुरलेला आहे. संगीत नाटकांच्या काळात कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू पडदे रंगवत. सपाट कापडावर खोली भासवण्याची, प्रेक्षकाला कल्पित नगरीत नेण्याची ती विद्या आजच्या मॅट पेंटिंगची, म्हणजे चित्रपटासाठी रंगवलेल्या पार्श्वभूमीची, सख्खी नातेवाईक आहे. रघुवीर मुळगावकरांच्या स्प्रेच्या कामात रंग कडेपाशी ज्या हळुवारपणे विरघळतो, तोच विरघळता प्रकाश मिळवायला आज चित्रकार सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडियंटची साधने फिरवत बसतात. मुळगावकरांनी त्यातून देवदेवता उजळल्या. त्याच तंत्राने बेलापूरलगतच्या पारसिकच्या डोंगरामागून उगवणारे शहर उजळून पाहावे असे मला फार वाटते.

बेळगावचे रवी परांजपे तर या विषयाचे थेट पूर्वसूरी. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या बोधचित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण वास्तुचित्रणातले त्यांचे काम सामान्य वाचकापर्यंत तितके पोहोचलेले नाही. न बांधलेली इमारत बांधून झाल्यासारखी दाखवायची, तिच्यावर दुपारचे ऊन पाडायचे, दारात माणसे उभी करायची, हे काम त्यांनी मोठ्या प्रतिष्ठेला नेले. 'ब्रश मायलेज' या त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच मेहनतीचा हिशेब आहे. वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांसाठी काढलेली अशी दृश्यचित्रे इमारत उभी राहिली की फायलीत जातात आणि इमारत झालीच नाही तरी फायलीतच जातात. त्या दुसऱ्या प्रकारच्या फायली हा रेट्रो-भविष्याचा खजिना आहे.

शब्दांत आपण बरेच पुढे गेलो होतो. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते आणि इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगातल्या मुंबईत जाऊन पोहोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी अजून थाटात उभी आहे, कारण मुंबई हे इंग्रजांकडे उरलेले एकमेव ठाणे आहे. इतिहासाला एका क्षणी फाटा फोडायचा आणि त्यातून रस्ते, स्टेशने, पाट्या सगळे बदलत न्यायचे, हीच या चित्रशैलीची मूळ रीत. नारळीकरांनी ती गणिती शिस्तीने पाळली. त्या मुंबईचे दमदार रंगचित्र माझ्या पाहण्यात नाही. मराठी विज्ञानकथेच्या मुखपृष्ठांनी याने आणि ग्रहगोल भरपूर दाखवले, शहर मात्र क्वचितच दाखवले. चित्रपटात ही कसर नागपूरच्या आरती कडव यांनी काहीशी भरून काढली. त्यांच्या 'कार्गो'मधल्या पुष्पक ६३४-ए या यानात राक्षस सरकारी कर्मचाऱ्याच्या शिस्तीने मृतांना पुढच्या जन्मासाठी तयार करतात. यंत्रे जुन्या दूरदर्शन संचासारखी, बटणे जाडजूड. आपल्या पुराणातून आणि आपल्या कचेरीतून आलेले भविष्य पडद्यावर किती आपले वाटते, हे त्या चित्रपटाने दाखवले.

आता प्रत्यक्ष बेलापूर. इथे चित्रकाराने सर्वात आधी जावे ते सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात साकारलेली ही वसाहत जगभरच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला असते. रचनेचे गणित सोपे आणि विलक्षण आहे. आठ मीटर बाय आठ मीटरच्या चौकाभोवती सात घरे. असे तीन गट मिळून एकवीस घरे आणि त्यांच्यामध्ये बारा मीटरचा चौक. तशा तीन समूहांमध्ये मिळून वीस मीटरचा मोठा चौक. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या आतबाहेर, म्हणजे कमी मिळकतीचा आणि बऱ्या मिळकतीचा यांच्या जमिनीत फार तफावत नाही. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, त्यामुळे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने घर वाढवावे. गावातल्या गवंड्याला बांधता येईल अशी साधी बांधणी, उतरती छपरे, अंगण.

घरे वाढलीही. मूळच्या बैठ्या घरांच्या जागी आज बहुतेक ठिकाणी दोन-तीन मजली बंगले आहेत, टाइल लावलेल्या भिंती, स्टीलचे कठडे, वरच्या गच्चीवर पत्र्याची शेड. वास्तुकलेचे काही अभ्यासक तिथून हळहळत परततात. मला ती हळहळ पटत नाही. वाढण्यासाठीच रचलेले घर वाढले, यात बिघडले काय? सिड मीड यांनी पाइप आणि वायरी लटकवून जे थर कल्पनेने उभे केले, ते इथे माणसांनी पगार साठवून, कर्ज काढून, मुलाच्या लग्नाआधी एक खोली चढवून उभे केले आहेत. चौक मात्र बरेचसे टिकले आहेत. चौकात उभे राहिले की १९८५ चे भविष्य आणि त्यावर चढलेली चाळीस वर्षे एकाच नजरेत मावतात.

या एका वसाहतीपलीकडेही बेलापुरात न संपलेले भविष्य ठिकठिकाणी सापडते. भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर शहर वसवताना सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव केले. भरतीला दारे मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला दारे उघडतात आणि पाणी खाडीत जाते. शहराचे हे श्वास घेणे कुठल्याही कल्पित यंत्रनगरीत शोभावे, पण त्याचे चित्र काढावे असे फारसे कोणाला सुचत नाही. १९९० च्या दशकात इथून मुंबईकडे हॉवरक्राफ्ट जात असे. पाण्यावर तरंगत ऑफिसला जाण्याचे ते स्वप्न लवकरच बंद पडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरच्या जेट्टीवरून जलटॅक्सीचे उद्घाटन झाले तेव्हा तेच स्वप्न पुन्हा एकदा नव्या रंगात आले. मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर धावू लागली. खाडीकाठी पोर्तुगीज, सिद्दी, मराठे आणि इंग्रज अशा सर्वांच्या हाती गेलेला किल्ला आहे, आणि तिथून घारापुरीपर्यंत भुयार जाते अशी दंतकथा आहे. खाडीखालून जाणारे भुयार! चित्रकाराला याहून काय हवे?

सामग्रीची वाण नाही. कोरियांनी १९७५ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी 'सिटी ऑन द वॉटर' हा छोटा माहितीपट केला, त्यात तुंबलेली मुंबई आणि खाडीपलीकडची आशा दोन्ही आहेत. त्यांची हजारो रेखाटने त्यांनीच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला दिली. शहर इथे, त्याचे कागद तिथे, ही अडचण खरी आहे. सिडकोचा १९७३ चा विकास आराखडाही आहे. आणि न बांधलेल्या बेलापूरच्या मनोऱ्यांचा चेहरा कसा असता याचा अंदाज घ्यायचा तर १९८३ मध्ये पुरी झालेली कोरियांची कांचनजंगा ही मुंबईतली निवासी इमारत पाहावी. दोन मजले उंचीचे, कोपऱ्यातून कोरलेले व्हरांडे, वाऱ्याची दिशा ओळखून केलेली घरे. वातानुकूलन गृहीत न धरता उंच बांधण्याचा तो विचार बेलापूरभर पसरला असता तर? या एका प्रश्नावर चित्रमालिका उभी राहील.

करायचे कसे, हे आता थोडे खोलात जाऊन सांगतो, कारण चांगल्या कल्पना बहुधा इथेच वाया जातात.

पहिले काम फाट्याचे वर्ष ठरवण्याचे. समजा १९७५. त्या वर्षी मंत्रालय खाडीपलीकडे हलवायचा निर्णय झाला असे धरू. मग लोकल १९९२ ची वाट पाहत थांबणार नाही, जेट्टी मोठी होईल, कारकून आणि सचिव एकाच बोटीतून उतरतील, टायपिंगचे क्लास स्टेशनपाशी निघतील, नरिमन पॉइंट कदाचित समुद्रच राहील. चित्रात यातले काहीही थेट लिहायचे नसते, पण चित्रकाराने ते ठरवले नसेल तर प्रेक्षकाला लगेच कळते. इमारती दिसतात, त्यांचे कारण दिसत नाही.

दुसरे काम जमिनीचे. पारसिकच्या डोंगररांगेचा खरा चढउतार नासाच्या शटल मोहिमेने २००० मध्ये मोजलेल्या उंचीच्या आकडेवारीतून फुकट मिळतो. ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्ते आणि इमारतींचे पाये घेता येतात. ब्लेंडर हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. डोंगर उभा करावा, खाडी ओतावी आणि फाट्याच्या वर्षानंतरचे सारे पुसून टाकावे. आर्टिस्ट व्हिलेजचे सात-एकवीसचे गणित तर ब्लेंडरच्या जिऑमेट्री नोड्समध्ये नियम म्हणून भरता येते: एक घर, सातांचा गट, तीनांची जोडणी. एका नियमातून हजारो घरे पसरतात आणि प्रत्येक चौक वेगळा निघतो. कोरियांच्या रचनेत हा विस्तार मुळातच होता. यंत्राने तो फक्त शेवटपर्यंत चालवून दाखवायचा.

मग पोत आणि रंग. बहुतेकांची चित्रे इथे परकी होतात. कोकणातले उघडे काँक्रीट दोन पावसाळ्यांत काळवंडते, छज्ज्याखाली शेवाळाचे ओघळ उतरतात, कौलांवर गवत उगवते. 'ब्लेड रनर'मधला पाऊस निऑनचे प्रतिबिंब दाखवण्यासाठी पडतो. बेलापूरचा पाऊस पारसिकवरून धबधबे सोडतो, तलाव भरतो, वीज घालवतो. त्या पावसात निऑनची गरज नाही. सत्तरच्या दशकाचा भास आणायचा तर त्या काळच्या छपाईची आणि कागदाची खूण वापरावी: रोट्रिंग पेनाची एकसारखी रेघ, ट्रेसिंग पेपरचा दुधाळपणा, अमोनिया प्रिंटचा निळसर-जांभळट रंग, ऑफसेटमध्ये किंचित सरकलेली रंगाची प्लेट, जुन्या ईस्टमनकलर प्रतीची गुलाबीकडे झुकलेली छटा. यातली एकच खूण घ्यावी आणि शेवटपर्यंत पाळावी. सगळ्या एकत्र घातल्या की चित्र जुने वाटत नाही, मळलेले वाटते.

पाट्यांकडे माझे विशेष लक्ष असते. देवनागरी अक्षरांची आपली परंपरा इतकी समृद्ध आहे की कल्पित बेलापूरच्या स्टेशनावर कुठलाही तयार फाँट चिकटवणे मला सहन होत नाही. मराठी नाटकांच्या शीर्षकांना कमल शेडग्यांनी जे अक्षररूप दिले त्यात सत्तरचे दशक ठासून भरलेले आहे. त्याच काळात र. कृ. जोशी अक्षराचा विचार यंत्राच्या अंगाने करत होते आणि पुढे विंडोजमधून घरोघर पोहोचलेला 'मंगल' फाँट त्यांच्याच हातचा. शेडग्यांचा फटकारा आणि जोशींची यंत्रदृष्टी यांच्या मधोमध कुठेतरी त्या न झालेल्या राजधानीची अक्षरे असतील. ती नव्याने, हाताने काढावी लागतील.

इथेच कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय येतो. जुलै २०२२ मध्ये शब्दांवरून चित्र करणारे मिडजर्नी सर्वांसाठी खुले झाले, ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन आले आणि कल्पित शहर रंगवणे हे चार ओळी टाइप करण्याइतके सोपे झाले. त्यातून चांगलेही काही निघाले. वास्तुविशारद मनस भाटिया यांनी झाडासारखी वाढणारी घरे दाखवली, प्रतीक अरोरा यांनी भारतीय घरगुती वातावरणातल्या विज्ञानकथेची चित्रे करून या शैलीला देशी चेहरा दिला. पण त्यांच्यामागे त्यांची आधीची नजर होती. नुसते 'बेलापूरचे भविष्य' असे सांगितले तर यंत्र त्याच्याकडे असलेल्या ढिगाची सरासरी काढून देते: घुमट, भगवी संध्याकाळ, उडत्या रिक्षा, आणि जोडाक्षरांचा चक्काचूर झालेल्या पाट्या. पारसिक त्यात नसतो, खाडी भलत्याच बाजूला असते. यंत्र वापरूच नये असे मी म्हणणार नाही. ब्लेंडरमध्ये स्वतः रचलेले दृश्य, त्यातली रेघ आणि खोली कंट्रोलनेट या साधनाच्या साहाय्याने यंत्रापुढे बांधून ठेवावी आणि शेवाळ, गंज, ढग एवढ्यापुरतीच त्याची मदत घ्यावी. शहर कुठे वळते हे मात्र चित्रकाराने ठरवावे.

आता गिब्सन यांच्या कथेतला प्रश्न. बेलापूरच्या जुन्या भविष्यात कोण होते आणि कोण नव्हते? आराखड्यातली ३४४ चौरस किलोमीटर जमीन रिकामी नव्हती. तिच्यावर भातखाचरे होती, मिठागरे होती, आगरी आणि कोळी समाजाची ९५ गावे होती. बेलापूर गाव, आग्रोळी, शहाबाज, दिवाळे ही नावे सेक्टरांच्या आधीची आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून गावे पुन्हा रस्त्यावर आली होती. आर्टिस्ट व्हिलेजची पहिली घरे आणि तो गोळीबार यांच्यात फार तर वर्षा-दोन वर्षांचे अंतर आहे. बेलापूरचे रेट्रो-भविष्य रंगवणाऱ्याने ही दोन वर्षे एकाच कॅनव्हासवर मांडून पाहिली पाहिजेत.

याला चित्रकलेच्या भाषेतच उत्तर आहे असे मला वाटते. नियोजनाचे चित्र नेहमी आकाशातून काढलेले असते. वरून पाहिले की भातखाचर हिरवा चौकोन दिसते आणि गाव ठिपका दिसते. या शैलीतली बहुसंख्य डिजिटल चित्रेही तशीच, मनोऱ्याच्या टोकावरून किंवा उडत्या गाडीतून पाहिलेली. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आणावा. दिवाळ्याच्या बंदरावर, वाळत घातलेल्या बोंबलाच्या मागे उभे राहून मंत्रालयाचा कल्पित मनोरा कसा दिसेल? चौकात खेळणाऱ्या मुलीला हॉवरक्राफ्टचा आवाज कुठून येईल? त्या उंचीवरून गाव वगळताच येत नाही, कारण ते समोरच असते. कोळी समाजाने स्वतःच्या होडीला १९७५ नंतर कोणते इंजिन बसवले असते, मासळी बाजाराची इमारत कोणी आखली असती, पागोळीखाली कोण बसले असते, असे प्रश्न मग आपोआप सुचतात. दिवाळे किंवा आग्रोळीतल्या मुलामुलींनी स्वतः हे भविष्य रंगवले तर त्या चित्रांत 'मार्ग'च्या तिघांनाही न दिसलेले काही उमटेल.

कायद्याविषयी दोन गोष्टी, कारण विद्यार्थी नेहमी विचारतात. उभ्या असलेल्या इमारतीचे चित्र किंवा छायाचित्र काढण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मोकळीक दिली आहे, कलम ५२ मध्ये तशी तरतूद आहे. वास्तुविशारदाच्या मूळ रेखाटनाची नक्कल मात्र वेगळी बाब. लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात आणि कोरिया २०१५ मध्ये गेले, म्हणजे त्यांची रेखाटने २०७५ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. १९७५ च्या माहितीपटावरचे हक्क प्रदर्शनापासून साठ वर्षांचा नियम लावला तर २०३५ अखेर संपतील. तोवर पाहावे, शिकावे, आणि स्वतःची रेघ काढावी.

घाई आहे ती दुसऱ्याच कामाची. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये मूळ रूपातली घरे आता थोडीच उरली आहेत आणि तीही मालकांच्या सोयीने बदलत जाणार, तो त्यांचा हक्कच आहे. त्यांच्या परवानगीने अंगणाची मापे, जोत्याची उंची, खिडकीच्या जाळीचा नमुना, गिलाव्याचा थर आणि छपराचा उतार आत्ताच टिपून ठेवला पाहिजे. शेजारी उभ्या असलेल्या वाढलेल्या घरांचीही मजल्यागणिक नोंद करावी: कोणती खोली कोणत्या वर्षी चढली, कोणासाठी चढली, आधी तिथे काय होते. मोबाइलने शंभरेक छायाचित्रे नीट फिरून घेतली तर त्यातून घराची त्रिमिती प्रतिकृती तयार करणारी साधने आज कुणालाही मिळतात. वास्तुकला आणि चित्रकला शिकणाऱ्या दहा-बारा मुलांना दिवाळीच्या सुटीत होण्याजोगे हे काम आहे. पावसाळा सरला की भिंती कोरड्या असतात आणि सकाळचे ऊन चौकात तिरके उतरते. तेव्हा सुरुवात मोठ्या चौकापासून करावी, कारण तिथून सातांचे गट एकामागून एक मोजत जाता येतात.